थंड यंत्राला अकरा प्रश्न

५ जानेवारी २०२६, सोमवार

आत्माराम परत आला.

आमच्या प्रमुख हेतल मॅडम सकाळी म्हणाल्या, नव्या माणसाची ओळख करून द्यायला नको, ते तुमच्या दांडी गावचेच आहेत. आणि दारातून हा आत. केस पांढरे झालेत, पण पोट सुटलेलं नाही. मला बघून म्हणाला, "काय रे कमळ्या, वळखलंस का नाय?"

सिंगापूर करून आलेल्या माणसाने ऑफिसात गावची भाषा बोलली की ती सगळ्यांना गोड वाटते. मी बोललो असतो तर कोणी हसलं असतं. मी म्हणालो, "या, बसा."

"बसा? बरं. बसतो, साहेब."

सगळे हसले. मीही हसलो.

वही नवी आहे, म्हणून एकदा लिहून ठेवतो. पालघर ते डहाणू, कारखाने आणि कॉलेजं मिळून सातशे संगणक आमच्या केंद्राला जोडलेले आहेत. ते बराच वेळ रिकामे बसून असतात. औषध बनवणाऱ्यांना किंवा भरती-वादळाचा अंदाज काढणाऱ्यांना मोठं गणित करायचं असलं, की आम्ही त्याचे तुकडे करून या रिकाम्या संगणकांना वाटतो. वाटण्याआधी कळावं लागतं, कोण चालू आहे, कोण बंद, कोणाकडे किती मेमरी मोकळी. प्रत्येक संगणक दर अर्ध्या मिनिटाला एवढं कळवतो आणि ते एका डेटाबेसात जमा होतं. तो डेटाबेस नऊ वर्षांपूर्वी मी बांधला. ओळी आणि रकान्यांचे साधे तक्ते. नाव 'हजेरी'.

आता सातशेचे पाच हजार होणार आहेत. आत्माराम त्यासाठी दुसरा डेटाबेस घेऊन आलाय. त्यात तक्ते नाहीत. एका संगणकाची सगळी माहिती एका कागदावर, असे पाच हजार कागद. दोन्हींची चाचणी होईल. ज्याचा निवडला जाईल त्याच्याकडे विभाग राहील. दुसऱ्याने गावोगावची यंत्रं फिरून बघायची. मॅडम हे फार सौम्यपणे बोलल्या.

७ जानेवारी, बुधवार

दांडीच्या शाळेत सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. तो पहिला, मी दुसरा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तो बसला आणि मीही बसलो. त्याचं नाव लागलं, माझं दोन गुणांनी राहिलं. तो मुंबईला गेला. मी आयटीआय केलं, मग बोईसरच्या कारखान्यात वायरमन, मग तिथल्याच संगणकाच्या खोलीत पंखा दुरुस्त करायला गेलो तो तिथलाच झालो. पुस्तकं वाचून शिकलो, इंग्रजी एका बोटाने वाचत. देवाने दिलं ते थोडं नाही. हे मी रोज म्हणतो आणि रोज खरं असतं. त्याचं नाव निघालं की तेच वाक्य मला नीट म्हणता येत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

चाचणीचे नियम आम्ही दोघांनी बसून लिहिले. पाच हजार खोट्या संगणकांची माहिती तयार करायची, ती दोन्हीकडे सारखी भरायची. खरे संगणक कळवतात तसं या खोट्यांनीही सतत कळवत राहायचं. ते चालू असताना अकरा प्रश्न विचारायचे. सोळा जीबी मोकळी असलेले वीस संगणक कोणते, गेल्या तासात कोण तीनदा बंद पडलं, असले.

माझा आग्रह होता की प्रश्न थंड यंत्राला विचारायचे. डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करायचा आणि मधे कोणी त्याला काही विचारायचं नाही. एकदा विचारलेली माहिती डिस्कवरून मेमरीत येऊन बसते आणि दुसऱ्यांदा उत्तर झटकन मिळतं. ते खरं बळ नव्हे. आमच्याकडे वीज जाते, यंत्र थंडच उठतं आणि लोक तेव्हाच ओरडतात.

आत्माराम पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "हे मला सुचलं नसतं. तिकडे वीज जात नाय."

मॅडमसमोरही त्याने हेच सांगितलं, नियम कमळाकरचा... नाही, कमलाकांतचा आहे म्हणून. माझं नाव चुकला आणि सुधारलं. चुकला ते मला आवडलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी. उपास होता. तिळगूळ घेऊन तो संध्याकाळी घरी आला, न सांगता. वत्सला ओट्यावर सुक्या बोंबलांची जुडी बांधत होती. तशीच हात पुसत उठली.

"भावोजी, तुमी तर अगदी साहेब झालात."

"वहिनी, साहेब तुमच्या घरात हाय. मी त्याच्या हाताखाली."

"मग त्यांना सांगा की जरा हसायला. घरात तोंड बघवत नाय."

दोघं किती वेळ हसत होते. तिने त्याला कोलीम, म्हणजे सुका जवळा, भाजून दिली, वर तांदळाची भाकरी. तो मांडी घालून जेवला आणि ताट पुसून खाल्लं. मी समोर साबुदाणा चिवडत बसलो. तो गेल्यावर मी म्हणालो, सणाच्या दिवशी कोलीम कशाला. ती म्हणाली, "दोन घास त्याने जास्त खाल्ले, आणि पोट तुमचं दुखतंय."

जाताना तो अंगणात थांबला होता. म्हणाला, "बाबांच्या वेळी तू..." आणि पुढे बोलला नाही. मीही विचारलं नाही. पंढरीकाका, त्याचे वडील, वारले तेव्हा टाळेबंदी होती, विमानं बंद. चार माणसांना परवानगी मिळाली. अग्नी मी दिला, तो फोनवर बघत होता. सहा वर्षं झाली. त्याबद्दल एक शब्द त्याने कधी काढला नाही आणि आज काढला तोही अर्धा. मोठ्या माणसांना आभार मानायला वेळ नसतो.

१९ जानेवारी, सोमवार

जिंकलो. हे आधी लिहितो.

काल संध्याकाळी दोन्ही डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केले आणि खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे. आज दहाला मॅडमच्या समोर चाचणी. आधी हजेरी, मग त्याचा. अकरापैकी आठ प्रश्नांत हजेरी पुढे. सहावा प्रश्न सगळ्यांत जड. त्याला हजेरीने पाऊण सेकंद घेतला, त्याच्या कागदांनी नऊ. मॅडम म्हणाल्या, "कमलाकांतभाई, तुम्ही तर काही बोलला नव्हतात."

आत्माराम आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सहावा पाऊण सेकंदात? तक्त्यांना?"

मी म्हणालो, "रकाने नीट लावले की होतं."

असं बोलायला नको होतं. पण बोलताना अंगावरून गार वारा गेल्यासारखं वाटलं. घरी येताना चिंचणीला उतरलो, देवळात गेलो, नारळ फोडला. पुजारी म्हणाले, काय विशेष. म्हटलं, सहज.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी साडेआठला गेलो. रोजच्यासारखे हात जोडले आणि हजेरी घेतली.

हे आजवर कुठे लिहिलेलं नाही. नऊ वर्षांत कामाला हात लावण्याआधी मी रोज डेटाबेसला एकदा सगळ्यांची हजेरी विचारतो. अख्खी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नावं पडद्यावरून सरकत जातात, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू, मी हात जोडून उभा असतो. आमच्याकडे होडी पाण्यात ढकलण्याआधी नाळीला, म्हणजे तिच्या पुढच्या टोकाला, हात लावतात, तसंच. आता हात आपोआप जातो. चहा घेतल्यासारखं ते मला आठवतही नाही.

आज नावं सरकत असताना आठवलं.

काल सकाळी साडेआठलाही मी हेच केलं. पडदा चाचणीच्या यंत्राला जोडलेला होता. पाच हजार खोट्या संगणकांना मी हात जोडले. त्यांची एकूण एक माहिती डिस्कवरून मेमरीत येऊन बसली. दहा वाजता मॅडम आल्या तेव्हा हजेरी थंड नव्हती. त्याचे कागद थंड होते.

नियम माझाच.

मुद्दाम केलं नाही. हे मी शपथेवर लिहू शकतो. पण मुद्दाम केलं नाही हे कोणाला सांगायचं असेल तर आधी केलं हे सांगावं लागतं.

२२ जानेवारी, गुरुवार

माघी गणेश जयंती. देवळात गर्दी होती. दर्शन घेतलं, मागितलं काही नाही. काय मागणार? त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला कळू नये, हे देवाकडे मागायची गोष्ट नव्हे.

दिवसभर मी स्वतःला हिशोब सांगितला. त्याला दुसरीकडे नोकरी मिळेल. मी पन्नाशीला टेकलेला, मला या वयात दुचाकीवर वाडा तालुक्यापर्यंत यंत्रं बघत फिरायचं आहे. हजेरी खरीच चांगली आहे. नऊ वर्षं चालली. सगळं खरं. खऱ्या गोष्टी ओळीने मांडल्या, आणि बेरीज खोटी आली.

२३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी डबा खाताना आत्मारामने विचारलं, "सोमवारी तू किती वाजता आलास रे?"

"नेहमीच्या वेळी."

"नेहमीची म्हणजे साडेआठ?"

"हो. का?"

"काय नाय." बोंबलाचा काटा काढत म्हणाला, "तू अजून काम चालू करण्याआधी पाया पडतोस. परवा बघितलं मी दारातून. बाबा पण पडायचे, होडीच्या."

मला राग आला. दारात उभं राहून माणसाची पूजा बघायची आणि मग हसायचं. हसला नव्हता तो, पण मनात हसला असेल. म्हणालो, "ज्याला त्याला आपापला देव."

"हो तर," तो म्हणाला, आणि त्याच्या डब्यातली करंदीची चटणी माझ्या झाकणात वाढली. मी खाल्ली नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

पालघरला निवड समितीची बैठक. सगळं जसं झालं तसं लिहितो.

अहवाल आत्मारामने लिहिला होता, मीच त्याला, तू लिही, म्हटलं होतं. माझा हात चालला नसता. तो उभा राहिला आणि वीस मिनिटं हजेरीच्या बाजूने बोलला. तक्ते साधे आहेत, इथल्या माणसांना कळतात, चाचणीत पुढे आहेत, कमलाकांत तामोरेंकडेच विभाग राहावा. मी बोललो असतो त्यापेक्षा चांगलं बोलला. माझी वस्तूसुद्धा तो माझ्यापेक्षा नीट मांडतो, एवढंच माझ्या मनात येत होतं.

मग त्याची फाइल माझ्याकडे सरकवली, सहीसाठी. शेवटच्या पानाच्या मागे एक जादा कागद अडकला होता. चाचणीच्या सोमवारी डेटाबेसला कोणी कधी काय विचारलं, त्याची यादी. ती यंत्र आपोआप ठेवतं. दहाच्या आधी एकच ओळ होती: आठ चौतीस, सगळी हजेरी. तिच्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ.

त्याला माहीत होतं. शुक्रवारी डबा खाताना माहीत होतं. माहीत असून तो वीस मिनिटं माझ्यासाठी बोलला.

मी लाजलो असं लिहायला हवं. पण आधी आलं ते दुसरंच. मला वाटलं, इथेही हाच पहिला. गणितात पहिला, शिष्यवृत्तीत पहिला, आता मनाच्या मोठेपणातही पहिला, आणि मी त्याने सोडलेल्या जागेवर बसणार. जन्मभर त्याने दिलेली खुर्ची वापरायची. ते मला सहन झालं नाही.

उभा राहिलो आणि सांगितलं. सकाळची हजेरी, आठ चौतीस, मेमरी, सगळं. म्हणालो, निकाल धरू नका, पुन्हा चाचणी घ्या.

हेतल मॅडमनी पेनचं टोपण लावलं. त्या म्हणाल्या, "कमलाकांतभाई, हे सांगायला हिंमत लागते."

हिंमत नव्हती ती. खरं बोललो, पण ज्यासाठी बोललो ते खरं नव्हतं. देवाघरी ते कोणत्या रकान्यात जातं, मला ठाऊक नाही.

बाहेर आल्यावर आत्मारामने माझा दंड धरला. "कशाला बोललास? मी गप होतो ना?"

"म्हणूनच."

तो म्हणाला, "सहा वर्षं मी झोपताना तुझा हात बघतोय, कमळ्या. बाबांच्या चितेच्या उशाला. मला एकदा तरी तुला काही देऊ दे की."

मी म्हणालो, ते मी पंढरीकाकांसाठी केलं होतं, तुमच्यासाठी नाही. दंड सोडवून घेतला आणि स्टेशनवर चालत गेलो. तो जे बोलला त्याचा मला अजून नीट अर्थ लागत नाही. तो मला भीक घालत होता की परतफेड करत होता? दोन्ही मला नको होतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा चाचणी. किल्ली मॅडमकडे होती. मी दहालाच आलो. हात जोडायची जागा नव्हती म्हणून फाटकाजवळच्या वडाखाली जोडले, यंत्राला काही न विचारता.

अकरापैकी सात प्रश्नांत त्याचा डेटाबेस पुढे, चारांत हजेरी. कळवण्याची गर्दी झाली तेव्हा हजेरी कमी अडखळली, सगळ्यांनी ते मान्य केलं. पण एका संगणकाची पूर्ण माहिती काढायला हजेरीला सहा तक्त्यांत फिरावं लागतं आणि थंड असताना ते फार दिसतं. सहाव्या प्रश्नाला चौदा सेकंद लागले. मी मनात मोजत होतो. बारापर्यंत आशा होती.

मॅडमनी निर्णय सांगितला. महिन्याभरात सगळं त्याच्याकडे सोपवायचं.

वत्सलाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी सांगितलं नसतं तर?"

"तर विभाग माझ्याकडे असता."

"मग रोज सकाळी कुठल्या तोंडाने हात जोडले असते?"

हे तिला कोणी शिकवलं? मी तर तिला यातलं निम्मंही सांगितलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

माहिती हलवायचं काम. मी एक एक तक्ता काढून देतो, तो कागदांत बसवतो. शेजारी शेजारी बसतो. तो मधेच विचारतो, "हा रकाना कशाला ठेवलास?" मी सांगतो. "बरं केलंस," म्हणतो. अशा वेळी मला तो आवडतो, आणि आवडतो म्हणून अधिक त्रास होतो. वाईट माणसाचा हेवा सोपा असतो.

१ मार्च, रविवार

हजेरी बंद केली. तो म्हणाला, तू कर, मी बाहेर थांबतो. मी आज्ञा लिहिली आणि कळ दाबली. पडद्यावर एक ओळ आली आणि थांबली. नऊ वर्षं.

बाहेर तो चहा घेऊन उभा होता. मी घेतला. साखर जास्त होती.

६ मार्च, शुक्रवार

आज विजेच्या दुरुस्तीसाठी बोईसरच्या बाजूला सकाळपासून पुरवठा बंद होता. मी वाणगावच्या कॉलेजातली यंत्रं बघून साडेतीनला परतलो आणि कोपऱ्यातल्या टेबलावर नोंदी लिहीत बसलो. चारला वीज आली. कारखान्यांतले चारशे संगणक एकदम उठले आणि सगळ्यांनी एकाच क्षणी कळवायला सुरुवात केली. आत्मारामचा डेटाबेस घुसमटला. पडद्यावरचे आकडे थांबले. तीन गणितं अर्ध्यात पडली. फोन वाजू लागले.

कारण मला माहीत होतं. हजेरीच्या काळात प्रत्येक संगणक उठल्यावर आपल्या क्रमांकाइतके सेकंद थांबून मग कळवायचा. एकेकाने दारातून यावं तसं. नव्या पद्धतीत कळवणारा प्रोग्राम नव्याने लिहिला, त्यात ते थांबणं नाही. सोपवण्याच्या कागदांत मी ते लिहिलं नव्हतं. विसरलो, असं मी गेला तासभर स्वतःला सांगतोय. नक्की सांगता येत नाही.

आत्माराम पडद्यासमोर वाकला होता. चष्मा कपाळावर. एका हातात वाजणारा फोन, दुसऱ्या हाताने काहीतरी शोधत होता आणि चुकीच्या जागी शोधत होता. त्याच्या मानेवर घाम आला होता. शाळेत त्याला फळ्यासमोर अडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा आहे. चाळीस सेकंद मी त्याच्याकडे बघत बसलो. दोन महिन्यांत इतकं बरं मला वाटलं नव्हतं. लपवत नाही.

मग खुर्ची मागे सारली, त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "आत्म्या, सरक."

तो सरकला.